कुंपणाकडची ओळ

वर्षभर नुन्झियाच्या पोटात कधी दुखत नसे. दुखायचं ते फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, माऊलीच्या सणाला, आणि तेही मिरवणूक चर्चच्या दारातून बाहेर पडायच्या सुमारास.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. मिरवणुकीत मारियामातेची मूर्ती पुरुषांच्या खांद्यावर असते आणि तिच्यापुढे एक बाई पीचची टोपली घेऊन चालते. एकटीच. मागे बँड, मूर्ती, मेणबत्त्या घेतलेल्या बायका, फुगे धरलेली पोरं; पण बघणाऱ्याची नजर आधी पडते ती त्या बाईवर. आणि गेली कित्येक वर्षं ती बाई म्हणजे नुन्झियाची धाकटी जाऊ, फिलोमेना.

आमच्या लोकांच्या मूळ गावी, तिकडे इटलीतल्या कालाब्रियात, हा सण ऑगस्टमध्ये येतो. इथे ऑस्ट्रेलियात, मरे नदीच्या काठी, ऑगस्ट म्हणजे कडाक्याची थंडी, झाडांवर पान नाही. माऊलीपुढे ठेवायचं काय, काटक्या? म्हणून पहिल्या आलेल्या म्हाताऱ्यांनी सण उचलला आणि पीच पिकतात त्या महिन्यात आणून ठेवला. माऊलीने कधी तक्रार केली नाही.

टोपलीतली फळं मिरवणूक संपली की मुलांना वाटतात. फादरनी त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडलेलं असतं, त्यामुळे ती कुणी धूत नाही, पुसतसुद्धा नाही. आशीर्वाद नळाखाली धरायचा तरी कसा? पोरं तिथंच उभ्या उभ्या चावे घेतात, रस कोपरापर्यंत ओघळतो, आणि आया हसत बघत राहतात. म्हणूनच आधीच्या फादरनी एक रीत घालून दिली होती. पॅकहाऊस, म्हणजे साऱ्यांची फळं खोक्यांत भरून विकायला पाठवणारी वखार, दर हंगामात काढणी सुरू झाली की प्रत्येक बागेतल्या फळांचा नमुना मेलबर्नच्या प्रयोगशाळेत पाठवतं. तिथं ते फळ दळतात, त्याचा अर्क यंत्रात घालतात, आणि फवारलेल्या औषधांचा कुठे अंश राहिलाय का ते यंत्र एकेक औषधाचं नाव घेऊन सांगतं. कायद्याच्या मर्यादेच्या आत असलं की माल विकायला मोकळा. पण टोपली मात्र ज्या बागेत सगळ्यात कमी सापडेल तिची.

फिलोमेनाच्या बागेत काहीच सापडत नसे. नुन्झियाच्या बागेत दरवर्षी एक तरी औषध सापडे. मर्यादेच्या कितीतरी आत, पण सापडे.

"अगं, तळ्यात चिमूटभर मीठ टाकावं इतकंसं आहे ते," तिचा नवरा देमेत्रिओ म्हणायचा.

"तिच्या तळ्यात ती चिमूट का नसते मग?"

"कोसिमोला विचार. भाऊ माझा, तळं त्याचं."

देमेत्रिओ थोरला, कोसिमो धाकटा. बापाने हयातीतच जमीन मधोमध वाटून दिली आणि मध्ये तारेचं कुंपण घातलं. कुंपणाच्या अलीकडे देमेत्रिओची संत्री, त्यामागे त्याचे पीच. पलीकडे कोसिमोचे नुसते पीच. नदीच्या या साऱ्या वळणावर संत्री लावणारा देमेत्रिओ एकटाच. पाण्याच्या पाळीवरून भावांचं असं बिनसलं होतं की दोन वर्षं एकमेकांची तोंडं पाहिली नाहीत. चर्चमध्येसुद्धा एक डावीकडच्या बाकावर, दुसरा उजवीकडच्या. बापाच्या शवपेटीला खांदा देताना दोघांचे हात एकाच कडीवर आले, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

नुन्झिया तशी धार्मिक बाई. चर्चमधली सकाळची प्रार्थना, मिस्सा, चुकवत नसे, रोझरीची माळ तिच्या एप्रनच्या खिशात चाव्यांच्या जुडग्याबरोबर खुळखुळायची. पण फिलोमेना समोर आली की तिचं मन कडवट होई. फिलोमेनाचं टोमॅटोचं सार जास्त लाल का? फिलोमेनाचे पडदे उन्हाने विटत का नाहीत? आपल्यापेक्षा वयाने लहान, हे तर देवानेच केलं; पण दिसतेही लहान, हे कुणी केलं?

म्हणूनच पॅकहाऊसची कॉलीन जेव्हा म्हणाली, नमुने गोळा करायला एक विश्वासाचं माणूस हवंय, तेव्हा नुन्झिया खुर्चीतून उठलीच. पगार बेताचा होता. पण या कामामुळे प्रत्येक बागेचं फाटक उघडणार होतं, फिलोमेनाच्या बागेचंही. ती करते तरी काय, हे एकदा डोळ्यांनी बघायला मिळणार होतं. नुन्झियाच्या स्वतःच्या बागेचा नमुना कॉलीन घेणार, बाकी सगळ्यांचा नुन्झिया.

काम ती लवकर शिकली. बागेच्या एका कोपऱ्यातून शिरायचं आणि नागमोडी चालत समोरच्या कोपऱ्यातून बाहेर पडायचं. एक फळ उन्हाच्या बाजूचं, एक सावलीतलं. एक हाताशी आलेलं, एक शिडी लावून वरचं. प्रत्येक बागेला नवे हातमोजे. कडेच्या ओळी सोडून द्यायच्या, कारण कडेच्या झाडांवर रस्त्याची धूळ येते, शेजारच्याचा फवारा येतो. त्यांच्यावरून बागेची पारख होत नाही. शिकायला जड गेली ती एकच गोष्ट. तिचा हात पीच तोडला की आपोआप एप्रनकडे जाई.

"अगं नुन्झ, पुसलंस की!" कॉलीन पहिल्या दिवशी ओरडली होती. "आता यंत्राला काय सापडणार? तुझा एप्रन?"

"आमच्यात पीच पुसल्याशिवाय देत नाहीत."

"तुमच्यात देऊ नका. मेलबर्नला मात्र तसंच जाऊ दे. घाण, लव, कोळ्याचं जाळं, सगळ्यासकट."

फिलोमेनाच्या बागेत गेलं की आधी कॉफी होई. ती नको म्हणायची सोय नव्हती. ओट्यावर तापत्या किटलीचा वास, बशीत बडीशेप घातलेली बिस्किटं, आणि फिलोमेनाचं तेच ते गोड बोलणं.

"वहिनी, थकलीस गं. बस आधी."

"थकायला काय झालंय मला? तू बसून असतेस म्हणून तुला सगळे थकलेले दिसतात."

फिलोमेना हसायची. तिला टोमणा लागतच नसे, आणि हेच नुन्झियाला सगळ्यात जास्त लागे. बागेत निघताना मात्र फिलोमेना दरवेळी दारापर्यंत यायची आणि दरवेळी एकच वाक्य बोलायची.

"वहिनी, कुंपणाकडच्या ओळीत नको हं जाऊस. कडेच्या ओळी नियमात नाहीत ना?"

"नियम मला शिकवतेस? मीच पाळते तो."

"तसं नाही गं. आपलं सांगितलं."

पहिल्या वर्षी नुन्झियाने ते कानाआड केलं. दुसऱ्या वर्षी तिच्या लक्षात राहिलं. तिसऱ्या वर्षी तिने लांबूनच त्या ओळीकडे नीट बघितलं. झाडं फळांनी वाकलेली होती, आणि खाली मातीत पिकून फुटलेल्या पीचचा खच पडला होता. माश्या घोंघावत होत्या. ती ओळ कुणी काढलीच नव्हती. इतकं फळ मातीत! आपण बुडाला लागलेलं पीचसुद्धा सुरीने कापून बाटलीत भरतो, आणि हिला माज एवढा की अख्खी ओळ मातीला दिली?

की माज नाहीच, दुसरंच काही आहे?

मग तिच्या डोक्याने एकदा धरलं ते सोडेना. रात्री रोझरी म्हणताना 'नमो मारिया' अर्ध्यावर राहायचं आणि तिच्या डोळ्यांसमोर ती ओळ यायची. फिलोमेना तिथं जाऊ का देत नाही? नक्कीच काहीतरी चोरटं औषध आणून मारत असणार. आधी त्या ओळीवर मारून बघत असणार, आणि मग फळं टाकून देत असणार. वर टोपली घेऊन माऊलीपुढे चालते! आणि ती टोपली लेकरं न धुता खातात!

शेवटचा विचार नुन्झियाला फार आवडला. त्यामुळे तिच्या जळफळाटाला मुलांच्या काळजीचे कपडे चढले. एकदा ते चढले की तो तिला स्वतःलाही ओळखू येईना.

यंदा सणाच्या आधीच्या आठवड्यात ती नमुना घ्यायला गेली तेव्हा फिलोमेनाच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर निळा झगा टाकलेला होता. नवा. खालची किनार दुमडून टाचण्या लावलेल्या.

"शिवतेयस?"

"किनार तेवढी. मागल्या वर्षीचा फिका पडला, असं फादर म्हणाले."

"फादर झग्याकडे बघतात वाटतं तुझ्या?"

"वहिनी!" फिलोमेना हसून लाल झाली. "काहीही बोलतेस."

"म्हणजे यंदाही टोपली तुझीच, हे ठरलंय. नमुना मी अजून तोडलासुद्धा नाही."

"तसं कुठं... आपलं, शिवून ठेवावं म्हटलं. नाहीच मिळाली तर मिस्सेला घालीन."

इतक्यात मागच्या अंगणातून कोसिमो ओरडला. टोमॅटोच्या बाटल्या उकळायला ठेवलेल्या पिंपात एक बाटली फुटली होती. "फिलो, लवकर ये, सगळं लाल झालंय इथं!" फिलोमेना धावली. कॉफी झाली, बिस्किटं झाली, पण दारातलं ते वाक्य यंदा राहून गेलं.

नुन्झिया हातमोजे चढवून बागेत शिरली. कोपऱ्यातून आत गेली. नागमोडी वळायच्या जागी मात्र ती वळली नाही. सरळ चालत गेली, थेट कुंपणापर्यंत. तारेपलीकडे तिच्याच नवऱ्याची संत्र्याची झाडं उभी होती, तिकडे तिने पाहिलंही नाही. एक उन्हाकडचं, एक सावलीतलं. एक खालचं, एक वरचं. पिशवी भरली. हात सवयीने एप्रनकडे गेला, तो तिने तिथंच थांबवला. एवढा नियम तिने पाळला.

पिशवीवर बागेचं नाव लिहिलं. ओळीचं नाव लिहायचा रिवाज नव्हता. बर्फाच्या डब्यात पिशवी गेली, डबा गाडीत गेला, गाडी मेलबर्नला गेली.

पुढचे दिवस नुन्झिया गाणी गुणगुणत होती. देमेत्रिओने विचारलंसुद्धा, "काय गं, तब्येत बरी आहे ना? सणाच्या आठवड्यात तू आणि गाणं?"

"माणसाने आनंदात राहू नये का?"

"राहावं की. मला आपली भीती वाटते."

गुरुवारी कॉलीनचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"नुन्झ, बसली आहेस का? फिलोमेनाचा नमुना नापास झालाय."

नुन्झियाला आनंद झाला. देवाला सगळं दिसतं, तेव्हा खोटं कशाला लिहायचं? छातीत घंटा वाजावी तसा आनंद झाला. "बाई गं!" ती म्हणाली. "काय सापडलं?"

"तेच कळत नाहीये. पीचवर चालतच नाही असं औषध आहे. संत्र्यावरच्या खवले किडीचं. पीचवर त्याचा कणसुद्धा खपवून घेत नाहीत. कोसिमोनं तुमच्या शेडमधून उचललं असणार. शेड दोघा भावांची एकच ना? चुकीचा डबा उचलला आणि सगळ्या बागेवर मारला, आणखी काय! बागेच्या मधोमध सापडलंय म्हणजे सगळीकडे असणार. मी काढणी थांबवलीय. माणसं घरी पाठवली त्यांची."

फोन ठेवल्यावर नुन्झिया ओट्याला टेकून उभी राहिली. घंटा वाजायची थांबली होती.

मागच्या आठवड्यात, दुपारच्या वाऱ्यात, संत्र्यांवर फवारा कोण मारत होतं, ते तिने याच खिडकीतून पाहिलं होतं. मोठ्या पंख्याचा फवारा, त्याचं पांढरं धुकं संत्र्यांवरून उठून तारेवरून पलीकडे वाहत होतं. तेव्हा तिच्या मनात एवढंच आलं होतं की आपल्या चादरी दोरीवरून आत घ्याव्यात.

"देमेत्रिओ, तू दुपारी का फवारतोस रे? वारा असतो."

"वाऱ्यात लवकर वाळतं," तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "आणि वारा आपल्याकडून तिकडे जातो. आपल्या घरात वास येत नाही."

"तिकडे कुणाचं घर नाही?"

आता त्याने डोकं वर काढलं. "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी फादर क्वान आपली छोटी गाडी घेऊन आले. फादर मूळचे व्हिएतनामचे. आमच्या बायकांच्या हातचं खाऊन खाऊन गोल झालेले. केकचा तुकडा संपवून ते म्हणाले, "नुन्झिया, वाईट बातमी तुम्ही ऐकलीच असेल. कोसिमोची बाग यंदा नाही. कागदावर पुढचं नाव तुमचं आहे. रविवारी टोपली तुम्ही घ्यायची."

नुन्झियाने वीस वेळा तरी मनात हा क्षण घडवला होता. त्यात ती नेहमी डोळे खाली घालून म्हणायची, 'माझी काय लायकी, फादर.' आता तेच शब्द तोंडून बाहेर पडले आणि पहिल्यांदाच ते खरे निघाले.

फादर गेल्यावर मात्र तिने कपाट उघडून निळा झगा काढला. जुना होता, पण इस्त्री केल्यावर बरा दिसला. आरशासमोर तिने रिकामी परडी हातात धरून पाहिली. चांगली दिसत होती. कुणाला काही कळणार नव्हतं. तिच्या फळांत जेवढं सापडलं ते मर्यादेच्या आत होतं, मुलांना काही होणार नव्हतं. आणि फिलोमेनाने इतकी वर्षं मिरवलंच होतं. एक वर्ष मिस्सेला निळा झगा घातला तर काय बिघडलं?

फक्त कोसिमोचे पीच झाडावर मऊ पडत होते. पीच कुणासाठी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फिलोमेनाकडे गेली. समाचाराला, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला फिलोमेनाचा चेहरा बघायचा होता. इतकी वर्षं जो हरलेला चेहरा तिने घरी, आरशात, बघितला होता, तो एकदा फिलोमेनाच्या अंगावर कसा बसतो ते.

फिलोमेना ओट्यापाशी पावाचं पीठ मळत होती. डोळे सुजलेले. किटली तरीही तापत होती.

"ये वहिनी. बस. थकलीस गं."

"कसं झालं गं हे?" नुन्झिया म्हणाली. "कोसिमोने चुकून डबा उचलला का?"

फिलोमेनाचे हात पिठात थांबले. ती नुन्झियाकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात राग नव्हता हे फार वाईट होतं.

"तू कुंपणाकडे गेलीस ना वहिनी?"

नुन्झियाने नजर तापत्या किटलीकडे वळवली.

"मी सांगायची राहिले त्या दिवशी. बाटली फुटली ना." फिलोमेना पुन्हा मळू लागली. "माझ्या दोरीवरच्या कपड्यांना वास यायचा. सुरुवातीलाच ओळखलं मी. भाऊजी दुपारी फवारतात. कोसिमोला कळलं असतं तर तो फावडं घेऊन धावला असता. नुकते कुठे बोलायला लागले होते दोघं. म्हटलं, एक ओळच जातेय ना? जाऊ दे. ती काढायची नाही, पॅकहाऊसला द्यायची नाही, घरात खायची नाही. पडू दे मातीत. कोसिमोला सांगितलं, त्या झाडांना कीड आहे."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू भाऊजींचं काय केलं असतंस, मला माहीत होतं." फिलोमेना जराशी हसली. "त्यांची कीव आली मला."

नुन्झियाला रडू यायला हवं होतं. आलंही थोडं. पण रडण्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं, तेच जुनं, ओळखीचं. म्हणजे ही बाई मनानेही! सार लाल, पडदे न विटलेले, चेहरा तरुण, आणि आता मनही असं! माणसाने हरायचं तरी किती बाबतींत?

"हे बघ वहिनी," फिलोमेना पीठ लागल्या हाताने तिचा दंड धरून म्हणाली, "टोपली तू घे यंदा. मी कुणाला सांगणार नाही. एका हंगामाने आम्ही मरत नाही. भावाभावांत शांतता राहू दे."

आणि हे काही नुन्झियाला सहन झालं नाही. चोरून मिळवलेली टोपली तिने एकवेळ मिरवली असती. पण फिलोमेनाने दया करून दिलेली टोपली? मूर्तीपुढे एकेक पाऊल टाकायचं आणि प्रत्येक पावलाला मनात म्हणायचं, ही फिलोमेनाची मेहेरबानी, ही फिलोमेनाची मेहेरबानी? जन्मभर? त्यापेक्षा पोटात दुखलेलं परवडलं.

"नको मला तुझी टोपली," ती म्हणाली. "ठेव तुझ्यापाशी."

"अगं, कॉफी तरी..."

"आणि कॉफीही नको!"

ती तशीच पॅकहाऊसवर गेली. कॉलीन लाकडी खोक्यांच्या ढिगाआड कुणाला तरी फोनवर झापत होती. नुन्झियाने तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि ठेवून दिला.

"तो नमुना कुंपणाकडच्या ओळीतला आहे. सगळाच्या सगळा. मी मुद्दाम घेतला. औषध माझ्या नवऱ्याचं आहे, वाऱ्याने गेलेलं. कोसिमोने काही केलेलं नाही. आता माणसं बोलाव त्याची."

कॉलीन एका खोक्यावर टेकली. मग म्हणाली, "का गं नुन्झ?"

"टोपलीसाठी."

"एका टोपलीसाठी?"

"तुला नाही कळायचं. तुमच्या चर्चमध्ये मिरवणूक नसते, नुसती चहा-बिस्किटं असतात."

कॉलीन स्वतः बागेत गेली. मधल्या ओळींचा एक नमुना, कुंपणाकडच्या ओळीचा वेगळा. मेलबर्नवाल्यांना फोन करून करून तिने तो सगळ्यांच्या आधी लावून घेतला. मधल्या ओळी स्वच्छ निघाल्या. कुंपणाकडच्या ओळीत संत्र्याचं औषध. शनिवारी सकाळी कोसिमोची माणसं पुन्हा शिड्या घेऊन बागेत होती.

भावांचं भांडण झालंच. तारेच्या दोन बाजूंनी झालं, साऱ्या वळणाला ऐकू गेलं. "माझ्या बायकोच्या चादरींवर मारतोस?" "मला काय माहीत वारा कुठे जातो?" "वाऱ्याला माहीत नसेल, तुला माहीत असायला पाहिजे!" फावडं मात्र कुणी उचललं नाही. कोसिमोने शेवटी पीचचं एक खोकं कुंपणावरून अलीकडे ठेवलं, आणि देमेत्रिओने ते उचलून घेतलं. यापुढे पहाटे, वारा पडलेला असतानाच फवारायचं, आणि तारेलगत उंच झाडांची ओळ लावायची, असं कॉलीनने त्याच्याकडून कबूल करून घेतलं. फिलोमेनाची माफी देमेत्रिओने तोंडाने मागितली नाही. पण नंतर बरेच दिवस तिच्या घरावरून जाताना तो टोपी काढायचा.

नमुन्यांचं काम नुन्झियाच्या हातून गेलं. ते जाणार हे तिने धरलंच होतं. कॉलीनने पुढे ते कुणाला दिलं, हे मात्र धरलं नव्हतं.

"फिलोमेनाला?" नुन्झिया किंचाळली.

"अख्ख्या वळणावर कडेच्या ओळीचा अर्थ कळलेली तीच एक आहे," कॉलीन म्हणाली. "आणि तू तिला शिकवायचंस. तेवढं तरी तू माझं देणं लागतेस."

म्हणजे पुढल्या वर्षी फिलोमेना हातमोजे चढवून नुन्झियाच्या बागेत शिरणार, नागमोडी चालणार, आणि नियमाने चालणार. आत जायच्या आधी नुन्झियाने तिला कॉफी द्यायची. बडीशेपेची बिस्किटं करायला शिकावं लागणार होतं.

रविवारी मिरवणूक निघाली. ऊन चांगलंच तापलं होतं. फिलोमेना नव्या निळ्या झग्यात, हातात टोपली, मूर्तीपुढे. किनार अगदी सरळ शिवली होती. नुन्झिया चर्चच्या पायऱ्यांवर बायकांमध्ये उभी होती आणि तिच्या पोटात वेळेवर दुखू लागलं होतं. तिने खिशातली माळ घट्ट धरली. माऊली, एवढं सगळं केलं, कबूल केलं, काम गेलं, तरी हे जात नाही? मूर्ती खांद्यांवर डुलत पुढे गेली. तिच्या चेहऱ्यावर नेहमीचंच हसू होतं.

मिरवणूक संपल्यावर फादरनी पाणी शिंपडलं आणि पोरांनी टोपलीला गराडा घातला. टोपली रिकामी होत आली तेव्हा फिलोमेना गर्दीतून वाट काढत पायऱ्यांपाशी आली. हातात एक पीच होतं. मोठं, गालाला लाली चढलेलं.

"वहिनी, हे तुझ्यासाठी ठेवलं."

"मी काय लहान मूल आहे?"

"घे गं. थकलीस."

सगळ्या बायका बघत होत्या. नुन्झियाने ते घेतलं. हात सवयीने झग्याकडे गेला, पुसायला. मग थांबला. आशीर्वाद पुसत नाहीत. तिने तसंच, लव आणि पवित्र पाण्याच्या थेंबांसकट, पीच तोंडाला लावलं आणि चावा घेतला. रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

पीच गोड होतं. अगदी सालीपासून कोयीपर्यंत गोड. थोडं तरी आंबट असतं, तर नुन्झियाला बरं वाटलं असतं.